३० पैकी १७ म्हणजे डोकं गेलं असं नव्हे

पत्र :

ताई, माझे यजमान ५३ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेत लेखा विभागात वरिष्ठ सहायक. दीड महिन्यापूर्वी पहाटे उठताना पडले. डावा हात-पाय गेला होता, तोंड वाकडं झालं होतं. दवाखान्यात न्यायला उशीर झाला, त्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं नाही. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला असं एमआरआयमध्ये आलं. आता काठी घेऊन चालतात, डावा हात मात्र अजून कामाचा नाही. बोलणं स्पष्ट आहे, जुन्या गोष्टी तारीखवार सांगतात. पण दवाखान्यात पाचव्या दिवशी एका पानाची परीक्षा घेतली, त्यात ३० पैकी १७ मिळाले. मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याने नेटवर बघितलं की २६ च्या खाली म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). रविवारी आला की मोबाइलवरून तीच परीक्षा घेतो, हे चिडतात. तो म्हणतो, बाबांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन टाकू. दीर म्हणतात, एवढा खणखणीत बोलतोय, त्याला काय धाड भरलीय, पुढच्या महिन्यात ऑफिसला पाठवा. लकव्याचं औषध देणाऱ्या एकांकडे न्यायचाही त्यांचा आग्रह आहे, तिथे कबुतराचं रक्त चोळतात आणि गोळ्या बंद करायला सांगतात. मला घरात वेगळंच दिसतं. ताटातल्या चटणी-कोशिंबिरीला हात लावत नाहीत आणि वर "आज कोशिंबीर नाही केलीस?" असं विचारतात. दाढी अर्धीच करतात. डाव्या पायात चप्पल नसते. चौकटीला धडकतात. सांगितलं की म्हणतात, मला काही झालेलं नाही, गाडीची किल्ली दे. परवा मला रडू आलं, तर समोर बसून पेपर वाचत राहिले. पूर्वी असे नव्हते. डोकं गेलंय का ह्यांचं? पहिल्यासारखे होतील का? परीक्षेच्या कागदाचा फोटो पाठवते आहे.

उत्तर :

ताई, तुमच्या घरातल्या तिघांपैकी तुम्ही सगळ्यात बरोबर पाहिलंय. मुलाने आकडा पाहिला, दिरांनी बोलणं पाहिलं, तुम्ही माणूस पाहिलात. ताट, दाढी, चप्पल, चौकट या तुमच्या चार निरीक्षणांत त्या कागदापेक्षा जास्त माहिती आहे.

आधी सरळ उत्तरं देते. पाचव्या दिवशीच्या १७ गुणांवरून डिमेन्शिया ठरत नाही. ते शक्यच नाही. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आता अजिबात देऊ नका. पण पुढच्या महिन्यात हिशेबाच्या टेबलावरही बसवू नका. आणि गाडीची किल्ली, ते कितीही रागावले तरी, द्यायची नाही.

आता तो कागद. या परीक्षेचं नाव मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, दवाखान्यात सगळे 'मोका' म्हणतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे न्यूरोलॉजिस्ट झियाद नसरेद्दीन यांनी ती १९९६ मध्ये तयार केली आणि २००५ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासात ९४ जण सौम्य विस्मरणाचे होते, ९३ जण सुरुवातीच्या अल्झायमरचे आणि ९० निरोगी. या लोकांवरून २६ ची रेघ ओढली गेली. म्हणजे हळूहळू विसरायला लागलेल्या वयस्कर माणसांना ओळखण्यासाठी ती आखलेली आहे. पाच दिवसांपूर्वी पक्षाघाताचा झटका आलेल्या, हाताला सलाइन लावलेल्या माणसाला ती लावायला हरकत नसते, कारण दहा मिनिटांत कुठे कुठे गडबड आहे याचा अंदाज येतो. पण ती चाळणी आहे. चाळणीत अडकलं ते पुढे नीट तपासायचं, एवढाच तिचा अर्थ. तुमचा मुलगा तिला निकालपत्र समजला, आणि नेटवर त्या २६ च्या आकड्याखाली हे सगळं लिहिलेलं नसतं, म्हणून त्याला दोष देत नाही.

बेरीज बाजूला ठेवून त्या कागदाच्या ओळी वाचू या.

पहिल्या भागात आकडे आणि अक्षरं रेघेने जोडायची, घनाकृती पेटी बघून काढायची आणि घड्याळ काढायचं असतं. त्यात पाचपैकी एकच गुण मिळाला आहे, तोही घड्याळाच्या गोलाला. फोटोत ते घड्याळ मी मोठं करून पाहिलं. बारा ते सहा आकडे उजवीकडे नीटनेटके, हिशेबनीसाच्या हाताचे. सात आणि आठ सहाच्या खाली दाटीवाटीने कोंबलेत. पुढचे आकडेच नाहीत आणि डावं अर्धं घड्याळ कोरं आहे. त्याखालच्या तीन प्राण्यांच्या चित्रांत उजवीकडचे दोन बरोबर सांगितलेत, डावीकडच्यावर नजर गेलेलीच नाही. लक्ष तपासण्याच्या भागात सहापैकी चार गुण गेले. एक गुण एका मिनिटात एकाच अक्षराचे शब्द सांगण्यात गेला. आता पुढे बघा. दोन वस्तूंमधलं साम्य ओळखण्यात दोनपैकी दोन. वाक्यं जशीच्या तशी म्हणण्यात दोनपैकी दोन. मधे वेळ गेल्यावर आठवून सांगायच्या पाच शब्दांपैकी तीन आठवले. आपण कुठे आहोत, वार कोणता, महिना कोणता, यात सहापैकी पाच. चुकली ती तारीख, आणि वॉर्डात पाच रात्री काढलेल्या कुणाचीही तारीख चुकेल.

एकूण तेरा गुण गेले. त्यातले पाच डाव्या बाजूच्या चित्रांचे आणि चार लक्ष टिकवण्याचे. आठवणीचे फक्त दोन. डिमेन्शियाच्या भीतीने हा कागद वाचला तर हे दिसत नाही. शंभरातून सात-सात वजा करत जाण्यात आयुष्यभर वजाबाक्या केलेला माणूस एकाच पायरीवर अडला, हे पाहून तुम्हाला धक्का बसला असणार. पण पाचव्या दिवशी मेंदूला सूज असते, झोप झालेली नसते, शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्रभर ओरडत असतो. त्या दिवसाचं लक्ष हे त्या दिवसाचंच. मात्र डावीकडचं कोरं घड्याळ त्या दिवसापुरतं नव्हतं, कारण तुमची कोशिंबीर आजही ताटात राहते आहे.

आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे वाढतात. तुमचे यजमान उजवीकडचं सगळं जेवतात आणि डावीकडचं त्यांच्यापुरतं ताटात नसतंच. डोळ्यांना ते दिसत असलं तरी मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. डॉक्टरांच्या भाषेत याला नेग्लेक्ट म्हणतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की हा त्रास जास्त होतो आणि जास्त टिकतो. काहींची डावीकडची नजरच कमी झालेली असते, काहींना दोन्ही असतं. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी एकदा करून घ्या. नजर कमी झालेल्या माणसाला बहुतेक वेळा आपली अडचण कळते आणि तो मान वळवतो. नेग्लेक्टमध्ये मान वळवावी हेच सुचत नाही.

परवा ते पेपर वाचत होते असं तुम्ही लिहिलंय. एकदा त्यांना एखादी बातमी मोठ्याने वाचायला सांगा. ओळ मधूनच सुरू करतात का? 'महाराष्ट्र'चं 'राष्ट्र' वाचतात का? विजेच्या बिलावर ४,३५० असेल तर ३५० म्हणतात का? असं होत असेल तर त्यांची बुद्धी शाबूत असूनही हिशेबाच्या वहीवर त्यांना आज बसवता येणार नाही. दिरांना हे ४,३५० चं उदाहरण दाखवा. खणखणीत बोलणं ऐकून त्यांची समजूत झालीय, आणि उजव्या मेंदूच्या झटक्यात नेमकी इथेच फसगत होते. बहुतेक लोकांची भाषा डाव्या मेंदूकडे असते, म्हणून ती वाचते आणि बाकीचं नुकसान बोलण्याआड झाकलं जातं. दुसऱ्या बाजूला झटका आलेल्या माणसाची वाचा जाते आणि लोक त्याला वेडा समजतात. माझ्या मते दोघांवरही सारखाच अन्याय होतो.

"मला काही झालेलं नाही" हे ते खोटं बोलत नाहीत, ताई. हट्टही नाही. जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच न्यूरोलॉजिस्टने १९१४ मध्येच डावं अंग लुळं पडलेल्या अशा रुग्णांचं वर्णन करून ठेवलंय. हात हलत नसतानाही त्यांना त्याची जाणीव नव्हती. ज्या यंत्रणेने आपल्यातला दोष आपल्याला कळवायचा, तिलाच इजा झालेली असते. तेव्हा वाद घालून त्यांना पटणार नाही, फक्त दोघं दमाल. वाद टाळा आणि वस्तू दाखवा. "कोशिंबीर केलीय, शोधा" म्हणा, त्यांचा हात ताटाच्या डाव्या कडेपर्यंत न्या. स्वतःच्या हाताला वाटी लागली की जे कळतं ते शंभरदा सांगून कळत नाही. ही जाणीव बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत थोडी थोडी येते, आणि ती आली की व्यायामालाही खरा वेग येतो.

तुमच्या रडण्याबद्दल. पत्रातलं ते वाक्य मी दोनदा वाचलं. समोरच्याचा चेहरा, आवाजातला चढउतार यावरून त्याच्या मनात काय आहे हे ओळखण्यात उजव्या मेंदूचा मोठा वाटा असतो. ते त्यांना आत्ता नीट वाचता येत नाही. तुमच्याबद्दलची माया गेली असा त्याचा अर्थ लावू नका. काही महिने तुम्हाला जे वाटतं ते शब्दांत सांगावं लागेल. "मला आज फार वाईट वाटतंय, माझ्याजवळ बसा" असं. तीस वर्षांच्या संसारात हे कधी बोलावं लागलं नसेल, अवघड वाटेल, पण शब्द त्यांना कळतात. बोलून बघा.

आता घरी करायचं काम. शाळेच्या वहीला समासाची तांबडी रेघ असते, तशी रेघ रोज पेपरच्या रकान्याच्या डाव्या कडेला जाड स्केचपेनने ओढा. नियम एकच ठेवा, तांबडी रेघ दिसेपर्यंत डावीकडे यायचं आणि मगच वाचायला सुरुवात करायची. जेवणाच्या टेबलावर किंवा पाटावर डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा. पत्त्यांची सात पानं ओळीत मांडून डावीकडून उचलायला सांगा. जमलं की ओळ लांब करा. दाढीच्या वेळी आरशावर भरवसा न ठेवता उजव्या हाताने दोन्ही गाल चाचपायचे. चालताना चौकट आली की थांबून डावीकडे बघायचं, तुम्ही मागून फक्त "डावी?" एवढंच विचारायचं. ताट दर वेळी तुम्हीच फिरवून देऊ नका. फिरवून दिलं की जेवण होतं, पण शोधायची सवय होत नाही. हे सगळं एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, टीव्ही बंद करून, दिवसातून दोन-तीनदा. झटक्यानंतरचा थकवा आळसातून येत नाही, तो दुखण्याचाच भाग आहे, दुपारची झोप मोडू नका.

मात्र सुरक्षिततेच्या बाबतीत सराव नको. गरम चहा, काठी, मोबाइल, रात्रीचा पाण्याचा तांब्या उजवीकडेच ठेवा. गॅसजवळ एकटं जाऊ देऊ नका. डाव्या हाताकडे त्यांचं स्वतःचं लक्ष नसतं, तो खुर्चीखाली लोंबतो, दारात चिमटतो. बसले की तो मांडीवर किंवा उशीवर ठेवलेला असू द्या, आणि उठवताना तो हात धरून कधीही ओढू नका. कमजोर खांदा निखळतो आणि मग महिनोन्महिने दुखत राहतो. फिजिओकडून हात कसा धरायचा ते घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या, दिरांनीसुद्धा.

गाडीचं कारण तर आता तुम्हाला कळलंच असेल. डावीकडून येणारं मूल किंवा गुरं त्यांना दिसणार नाहीत. किल्ली नजरेआड ठेवा आणि "डॉक्टर तपासून सांगतील तेव्हा" एवढं एकच उत्तर घरातल्या सगळ्यांनी द्या. पुढच्या परीक्षेत २६ किंवा २८ आले तरी हेच उत्तर राहील. नेग्लेक्ट पकडण्यापुरते प्रश्न मोकामध्ये फार थोडे आहेत. चांगले गुण मिळवूनही रस्त्यावर डावीकडचं सुटणारी माणसं असतात.

मुलाला सांगा, रविवारची परीक्षा बंद. पाठ झालेली परीक्षा पुढच्या वेळी खरं काही सांगत नाही. शिवाय बापाने दर आठवड्याला मुलासमोर नापास व्हायचं, हे कुणालाही सोसणार नाही. त्याला मदत करायची असेल तर रविवारी वडिलांना घेऊन बाजारात जावं, डावीकडच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लावाव्यात. मोबाइलवरचे मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकत घ्यायची गरज नाही. त्यात माणूस त्या खेळात तरबेज होतो, ताटातली कोशिंबीर शोधण्यात नाही.

'पहिल्यासारखे होतील का' या तुमच्या प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणणार नाही, पण गोल गोलही बोलणार नाही. झटक्यानंतर सूज उतरते आणि इजेच्या भोवतीचा गारठलेला भाग पुन्हा कामाला लागतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. सहा महिन्यांपर्यंत ती चालू राहते, वेग कमी होतो. त्यानंतरही सुधारणा थांबत नाही, पण ती आपोआप होत नाही, सरावाने होते. डाव्या बाजूचं दुर्लक्ष बऱ्याच जणांत याच पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ कमी होतं. काहींत ते टिकतं. तुमचे यजमान अजून दीड महिन्यावर आहेत, म्हणजे ऐन वेगाच्या काळात. वय ५३, आधी विसरभोळेपणा नाही, भाषा आणि विचारशक्ती चांगली, काठीने चालू लागले, या सगळ्या त्यांच्या बाजूच्या गोष्टी. हाताची बोटं अजून हलत नसतील तर हाताबद्दल मी जास्त सावध राहीन. आणि दुर्लक्ष गेल्यावरही कामाचा वेग कमी होणं, दोन गोष्टी एकदम न जमणं, संध्याकाळपर्यंत थकून जाणं हे बराच काळ राहू शकतं. घरात ते जाणवणार नाही, ऑफिसात जाणवेल.

सुधारणा अडवणाऱ्या पण बऱ्या होणाऱ्या गोष्टीही असतात, त्या शोधायला हव्यात. झटक्यानंतर सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं. ते नुसतं उदास दिसण्यातून नव्हे तर व्यायामाला नकार, भूक मंदावणं, पहाटे जाग येणं यातूनही कळतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे आपणहून सांगा, त्यावर औषधं आहेत. रक्तातलं बी-१२, थायरॉइड आणि सोडियम बघायला सांगा, आणि ते घोरता घोरता श्वास थांबल्यासारखे होत असतील तर तेही सांगा. झोपेच्या किंवा लघवीच्या काही गोळ्यांनीही डोकं जड होतं, म्हणून गोळ्यांची अख्खी पिशवी सोबत न्या.

आता दिरांच्या औषधाबद्दल, आणि इथे मी कडक बोलणार आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पहिल्या झटक्यानंतर साधारण दहापैकी एकाला नव्याने डिमेन्शिया होतो असं त्यात दिसलं. पुन्हा झटके आलेल्यांत मात्र हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर होतं. म्हणजे तुमच्या मुलाला ज्याची भीती वाटते तो धोका त्या १७ गुणांत नाही, तो दुसऱ्या झटक्यात आहे. आणि दुसरा झटका टाळणाऱ्या गोळ्याच बंद करायला सांगणारा माणूस कितीही नावाजलेला असला तरी त्याच्या दारात जाऊ नका. कबुतराच्या रक्ताने गुठळी विरघळत नाही, नस सुधारत नाही. असे रुग्ण बरे झाल्याचे दाखले दिले जातात, कारण पहिल्या तीन महिन्यांत बहुतेकांना थोडंफार बरं वाटतंच, आणि श्रेय त्या रक्ताला जातं. रक्तदाब रोज मोजून वहीत लिहा. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी एक दिवसही चुकवू नका. तंबाखू असेल तर आजपासून बंद, मिश्रीसुद्धा. तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही अचानक झालं तर ओसरेल म्हणून वाट न बघता १०८ ला फोन करून ज्या दवाखान्यात सीटी स्कॅन आहे तिथेच न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं.

तीन महिने झाले की नीट तपासणी करून घ्या. ती एका पानाची नसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोन-तीन तास घेऊन, कधी दोन दिवसांत विभागून, लक्ष, वेग, स्मरण, नियोजन, डावीकडचं शोधणं हे सगळं वेगवेगळं तपासतात. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेने २००४ मध्ये तयार केलेला चाचण्यांचा संच यासाठी वापरतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्या. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात आधी विचारा. मुंबईला जाणं जमत असेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्था आहे, तिथे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी आणि मानसशास्त्र एकाच आवारात मिळतं. नेग्लेक्टसाठी खरी गरज ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्याची असते आणि नेमका तोच डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा लिहायचा राहतो. मागून घ्या.

तपासणीला सकाळची वेळ घ्या. रात्रीची झोप झालेली असावी, चष्मा सोबत असावा, आणि चाचणी मराठीतूनच व्हावी असं आधी सांगा. मोकाचं मराठी रूपही उपलब्ध आहे आणि पुन्हा घेताना वेगळ्या प्रश्नांची प्रत वापरता येते. एमआरआयचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, आधीचा १७ गुणांचा कागद न्या. त्यांचं शिक्षण आणि ऑफिसात ते नेमकं काय काम करत होते ते सांगा. चाचणी चालू असताना तुम्ही बाहेर बसा. जवळ बसलं की बायकोच्या तोंडून उत्तर निघून जातंच. पण त्याआधी सायकॉलॉजिस्टना एकटीने भेटून ताट, दाढी, चप्पल, चौकट हे सगळं सांगा, कारण यजमान ते सांगणार नाहीत.

अहवालात 'फिट' किंवा 'अनफिट' एवढाच शेरा घेऊन येऊ नका. कोणतं काम जमेल, कोणतं जमणार नाही, किती तास जमेल आणि पुन्हा कधी तपासायचं, हे लेखी मागा. नोकरीसाठी तेच उपयोगी पडणार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम २० नीट वाचायला मुलाला सांगा. सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्याला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे त्याच्यासाठी जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवावं लागतं. जिल्हा परिषद ही स्थानिक संस्था या कायद्याखाली येते. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर त्यांनी आपल्या हाताने सही केली की हे संरक्षण हातचं जाईल. तूर्त वैद्यकीय कारणाने अर्जित आणि अर्धपगारी रजा लावा, अर्जाची पोच घ्या. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तब्येत स्थिरावल्यावर मिळतं, म्हणून त्यासाठी आत्ता घाई नको, पण फिजिओच्या आणि ओपीडीच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे फाइलला लावत जा.

परत कामावर जायची वेळ येईल तेव्हाही पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ आणि पूर्ण टेबल नको. आधी अर्धा दिवस, आवक-जावकसारखं काम, आणि आकड्यांचं काही असलं तर दुसऱ्या कुणाची नजर त्यावरून गेली पाहिजे. ही मागणी करायला संकोच वाटू देऊ नका. लेखा विभागात डावीकडचा एक आकडा सुटला तर चौकशी त्यांच्यावर येईल, आणि तेव्हा कुणी नेग्लेक्ट समजून घेणार नाही. बँकेचे आणि घरातले मोठे व्यवहारही तोपर्यंत दोघांनी मिळून करा. त्यांना विचारून, समजावून, पण आकडा तुम्ही वाचायचा.

आणि तुम्ही स्वतः किती तास झोपता हे पत्रात कुठेच नाही. रविवारी मुलगा येतो तेव्हा दुपार त्याच्यावर सोपवा आणि तुम्ही झोपा किंवा बाहेर पडा, तुम्हाला हवं ते करा.

तीन महिन्यांच्या तपासणीचा अहवाल आला की त्याचा फोटो मला पाठवा. नुसती बेरीज नको, सगळी पानं पाठवा. ऑफिसला द्यायच्या पत्रात काय मागायचं ते त्यावरून ठरवू.